बाईंची तिसरी पिशवी

बाईंचं मला आलेलं पहिलं पत्र म्हणजे एक पोस्टकार्ड होतं. निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तसं मोठं सरळ अक्षर. मजकूर दोन वाक्यांचा. ‘तुमच्या यानात सहा पुरुष चौदा महिन्यांपासून हायेत. भाकर कोण करून राहिलंय?’ खाली सही नाही. वर अहमदपूरचा पत्ता, तेवढाच.

तेव्हा मी नांदेडात एका प्रकाशकाकडे अक्षरजुळणीचं काम करत होतो. त्यांना आम्ही सगळे मालक म्हणायचो. गाइडं, लग्नपत्रिका, अहवाल, मधूनच कुणाचा तरी कवितासंग्रह, जे येईल ते संगणकावर जुळवायचं आणि पानं लावायची. वर्षातून एकदा मात्र अहमदपूरहून हस्तलिखितांचा जाडजूड गठ्ठा यायचा. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा संग्रह, सातवी ते दहावीच्या मुलांसाठी. तो बाई संपादित करायच्या. पुस्तक दुकानातही जायचं आणि काही शाळा ते अवांतर वाचनाच्या तासाला वर्गात घ्यायच्या. मी जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, गोष्टी लिहीत असे. एका वर्षी धीर करून मीही माझी कथा बाईंच्या पत्त्यावर पाठवली, आणि उत्तरादाखल हे पोस्टकार्ड आलं.

मला राग आला. मी दोन पानी पत्र लिहून कळवलं की भविष्यकाळात माणसं जेवणाच्या गोळ्या खातील, तेव्हा भाकरीचा प्रश्नच उद्भवत नाही. आठवड्यात दुसरं कार्ड: ‘गोळ्या कोण करून राहिलंय? आणि चौदा महिने गोळ्या गिळून एकाचंही तोंड वाकडं होईना?’

ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. काढून फेकावं असं रोज वाटायचं आणि रोज मी ते वाचायचो. शेवटी एका दुपारी मी त्या यानात सातवा माणूस घातला. उमरीचा आचारी, लग्नकार्यातून मोठी भांडी हाताळलेला, यानाच्या कप्तानाला अजिबात न भिणारा. तो आला आणि बाकीचे सहा जण, जे तोवर नुसती बटणं दाबत होते, ते एकदम भांडायला, रुसायला आणि घरची आठवण काढायला लागले. ही कथा बाईंनी घेतली. सोबत तिसरं कार्ड आलं. ‘आता माणसं दिसून राहिली. प्रुफं घेऊन तुम्हीच या.’

अशी आमची ओळख झाली, आणि पुढची कितीतरी वर्षं मी त्या संग्रहाचा हरकाम्या होतो.

बाई अहमदपूरला बसस्टँडापासून चालत दहा मिनिटांवर एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आधी बरीच वर्षं जळकोटला होत्या. मूर्ती लहान, केस बारीक कापलेले, सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. बाई बसून कथा वाचत नसत. कागद हातात घेऊन गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वाचत. शेजारच्या गल्लीतल्या बायकांचा बरीच वर्षं समज होता की मास्तरीणबाई कुठल्यातरी परीक्षेला बसल्यात आणि काही केल्या पास होईनात.

चालता चालता बाई कुठे थांबल्या की तिथे त्या तांबड्या पेन्सिलीनं आडवी रेघ मारत. मी विचारलं, इथं काय चुकलं? म्हणाल्या, “ते मला काय म्हाईत. माझा पाय थांबला. पाय थांबला म्हणजे तिथं कथा थांबली. काहून थांबली ते लिहिणाऱ्यानं शोधायचं.” एखाद्या कथेवर अशा नऊ रेघा असायच्या. लेखक चिडायचे. पण मी जुळणी करताना रेघेच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचून बघायचो, आणि प्रत्येक वेळी तिथे काहीतरी निखळलेलं असायचं.

खोलीच्या भिंतीवर तीन खिळे आणि त्यांना तीन खाकी पिशव्या, शाळेच्या जुन्या चड्ड्यांच्या कापडातून बाईंनी स्वतः शिवलेल्या. पहिली घ्यायच्या कथांची, दुसरी परत पाठवायच्या कथांची. तिसरीवर खडूनं लिहिलेलं होतं, ‘वर्गाला विचारू’. पहिल्या दोन पिशव्या कायम हडकुळ्या आणि तिसरी फुगलेली. एखादी कथा चांगली की वाईट हे आपल्याला कळतं, असा बाईंना भरवसाच नव्हता. म्हणजे तसं त्या म्हणायच्या. ‘अचानक’ या शब्दाबद्दल मात्र त्यांना फार भरवसा होता. प्रत्येक कथेला एकच ‘अचानक’ मिळेल, रेशनवर, असं त्यांनी लेखकांना लिहून कळवलेलं होतं. स्वप्नातून जाग येऊन संपणारी कथा दुसऱ्या पिशवीत. लातूरच्या एका मानी लेखकानं फोन करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, “शेवटी तो जागा झाला म्हणता तुम्ही. मग मला पंधरा पानं कशाला जागवलं?”

त्यांचा फोन पहाटे साडेपाचला यायचा. माझं लग्न नवीन होतं तेव्हा बायको दचकून उठायची. घरी कुणाचं काही झालं की काय. मी कानाला लावला की पलीकडून खणखणीत आवाज:

“बापू, उठलात का? पान एकेचाळीस. ‘राक्षस हळूच हसला.’ हळूच कशाला? घरात कोणी झोपलेलं हाय का?”

त्यांच्यापेक्षा लहान असलेला जगातला प्रत्येक पुरुष ‘बापू’ होता. आणि आठवीच्या पोरांना त्या ‘अहो-जाहो’ करायच्या, पण फक्त कथेबद्दल बोलत असताना. “ए, खिडकी लाव” आणि लगेच “तुम्हाला तो दुसरा ग्रह पटला का हो?” असं एका दमात. मुलांना सुरुवातीला हसू यायचं. मग हळूहळू ती ताठ बसायची.

विज्ञानकथा आणि परी-राक्षसाच्या कथा एकाच पुस्तकात कशा, हा प्रश्न त्यांना नेहमी यायचा. लातूरला शिक्षकांच्या एका शिबिरात एका तरुण शिक्षकानं उभं राहून विचारलं, “बाई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका. तुमच्या घरात तर देव-देव नाही. मग मुलांना राक्षस कशाला देता? अंधश्रद्धा वाढेल.”

बाई म्हणाल्या, “आजोबांनी धम्म घेतला तवापासून आमच्या घरात देव्हारा न्हाई, हे खरं हाय. अंगारा न्हाई, नवस न्हाई. पण राक्षस खोटा हाय हे चौथीच्या पोरालाबी म्हाईत असतंय. त्याच्यापासून काय धोका न्हाई. जे खरं म्हणून सांगतात ना, ते तपासायला शिकवायचंय मला. राक्षसावर हात बसतो. राक्षस काय खातो, किती खातो, एवढ्या लोकांना खाल्ल्यावर गाव शिल्लक कसं, असं विचारायची सवय लागली की मग पोरगं पुढं सगळ्यालाच विचारतंय.”

शिबिरातले अर्धे लोक हसले. तो तरुण शिक्षक हसला नाही, पण पुढच्या वर्षी त्यानं आपल्या शाळेसाठी पुस्तक मागवलं.

प्रत्येक कथेखाली तीन प्रश्न असायचे आणि ते बाई स्वतः लिहायच्या. त्यांचा नियम असा की ज्याचं उत्तर आपल्याला येतं तो प्रश्न पुस्तकात घालायचा नाही. त्यामुळे शाळांमधून मालकांना फोन येत, उत्तरसूची कुठे आहे? मालक ते फोन मला देत आणि मी ते बाईंना देत असे. बाई म्हणत, “मला येत असतं तर मी विचारलं असतं का? पोरांनी काही सांगितलं तर मलाबी कळवा.” आणि खरंच कुणी कळवलं तर त्याला पोस्टकार्ड जायचं.

तिसऱ्या पिशवीतल्या कथा घेऊन त्या जळकोटला त्यांच्या जुन्या शाळेत जायच्या. एकदा मलाही नेलं. उमरीच्या आचाऱ्याला लोकांनी नावाजलं होतं. त्यामुळे मी दुसरी कथा लिहिली होती, एका कोड्यात बोलणाऱ्या झाडाची, आणि माझ्या मते ती पहिलीपेक्षा सरस होती. वाचायला मलाच उभं केलं. बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि चक्क खाली वाकून बाकांखालून बघायला लागल्या. दारावरून मुख्याध्यापक जात होते. त्यांनी विचारलं, “काही पडलं का बाई?”

“अजून न्हाई. पडली तर कळंल आता.”

मी वाचत गेलो. मुलं माझ्याकडे डोळे लावून बसलेली. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर तोंड उघडं टाकून ऐकत होती. मला वाटलं, जिंकली. बाहेर आल्यावर बाईंनी कागद मागून घेतला आणि तिसऱ्या पानावर तांबडी रेघ मारली.

“इथून पाय हलायले. आधी मागच्या दोन बाकांचे, मग सगळ्यांचे. झाड तिसरं कोडं घालतं तिथून.”

“पण सगळे माझ्याकडेच बघत होते, बाई.”

“तोंडाचं काय खरं धरता बापू. पाहुणा आलाय, मोठे सर दारात हायेत, पोरं तोंड सांभाळतात. पायाला शाळा शिकवलेली नसती.”

ती झाडाची कथा शेवटपर्यंत काही जमली नाही. ती कुठल्या पिशवीतून गेली ते मी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही.

त्यांच्याबद्दल मी आता भूतकाळात लिहितोय. बाई लातूरला मुलीकडे गेल्या, तिथेच वारल्या. त्याला दोन वर्षं होतील. भेटायला गेलो की मुलगी म्हणायची, आईला जास्त बोलू देऊ नका, धाप लागते. बाई पडल्या पडल्या मला विचारायच्या, “काही आलं का नवीन?” आलेलं असलं तर मी वाचून दाखवायचो. आता चालणं बंद होतं, तर त्या चादरीवरून हाताची दोन बोटं चालवायच्या, इकडून तिकडे. बोटं थांबली की मी रेघ मारायचो.

पण मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. आणि त्यात मी चांगला दिसत नाही.

एका वर्षी एका संस्थाचालकांची कथा आली. आमच्या भागात त्यांच्या बऱ्याच शाळा. माणूस वाचणारा, भाषा जाणणारा, बडेजाव न करणारा. त्यांच्या शाळांमध्ये आमचा संग्रह जायचा. कथेतला नायक काळयंत्रात बसून तीनशे वर्षं मागे आपल्याच गावात जातो. बघतो तर गाव कसं एका जिवाचं. भांडण नाही, तंटा नाही. तहानलेला नायक विहिरीवर जातो आणि गावकरी त्याला, अनोळख्याला, ओंजळीनं पाणी पाजतात. मग तो आजच्या काळात परत येतो आणि रडतो. वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी प्रुफं घेऊन अहमदपूरला गेलो होतो तेव्हा बाई ती कथा गच्चीवर वाचत होत्या. चार पानं त्या एकदाही थांबल्या नाहीत. पाचव्या पानावर, विहिरीपाशी, थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मी उठून बाहेर गेलो. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या.

“लई सुंदर लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण बापू, ह्याला पाणी पाजलं. कोण म्हणून पाजलं? नाव न विचारता? गाव, घराणं, काहीच न विचारता?” मग म्हणाल्या, “माझ्या आजीला विहिरीच्या काठावर चढू दिलं न्हाई. खाली उभं राहायचं आणि वरून कोणी वतलं तर घ्यायचं. ही जळकोटकडचीच गोष्ट हाय, आणि तीनशे वर्षांपूर्वीची न्हाई. ह्यांचं यंत्र असल्याच गावात उतरलंय. ह्यांना ती दिसली कशी न्हाई?”

त्यांनी माझ्यासमोरच संस्थाचालकांना फोन लावला. आवाज नेहमीसारखा, उलट जरा मऊच. कथा आवडली म्हणून सांगितलं. एवढी विहीर तेवढी बघा म्हणाल्या. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. बाई ऐकत राहिल्या.

“सर, कल्पना हाय हे मला मान्य हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “यंत्र कसं उडतं ते मी विचारलं का? उडू द्या. पण ते उतरलं तिथली माती खरी पाहिजे. एवढं दुरुस्त करा, मी आनंदानं घेते. न्हाई केलं तर माझ्याच्यानं घेणं होणार न्हाई.”

फोन ठेवून त्यांनी कथा तिसऱ्या पिशवीत टाकली.

चौथ्या दिवशी मालकांनी मला आत बोलावलं. म्हणाले, “सरांनी कथेची प्रत मला पाठवलीय. ती आहे तशी जाऊ दे. त्यांच्या शाळांनी पुस्तक घेतलं नाही तर पुढच्या वर्षी संग्रह निघणार नाही. निघालाच नाही तर बाई तरी काय संपादित करणार? बाईंना मी सांगतो.” ते सांगणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पुस्तकाची फाईल माझ्याकडे. बाई छपाईला जाणारी शेवटची पानं बघत नसत. माझ्यावर सोडत. मी जागेवर येऊन कथा अठ्ठावन्नाव्या पानापासून लावली. खाली तीन प्रश्नही मीच लिहिले. पहिला प्रश्न, ‘जुन्या काळातील गावाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.’ मग डबा उघडून जेवलो. संग्रह वाचला पाहिजे, मी स्वतःला म्हणत होतो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पुस्तकाचं पार्सल अहमदपूरला पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठून बसलो. साडेपाचला फोन आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला.

“बापू, सोमवारी जळकोटला वर्ग हाय. या.”

सोमवारी मी अहमदपूरला उतरलो, तिथून आम्ही दोघं जळकोटच्या गाडीत बसलो. बाईंनी भाजलेल्या शेंगांची पुडी काढली, निम्म्या मला दिल्या आणि वाटेभर रस्त्याच्या कामाबद्दल, मुलीच्या बदलीबद्दल बोलत राहिल्या. संग्रह त्यांच्या मांडीवर होता. त्यातून एक बसचं तिकीट खूण म्हणून डोकावत होतं. कुठल्या पानावर, ते मला बघायची गरज नव्हती.

वर्गात या वेळी त्या स्वतः उभ्या राहिल्या. संस्थाचालकांची कथा त्यांनी वाचली, आणि इतकी छान वाचली की मी चकित झालो. कुठे टोमणा नाही, कुठे आवाज वाकडा नाही. बाईंसारखं वाकून मी बाकांखाली बघितलं. एकही पाय हलत नव्हता.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, “आता तुम्ही त्या यंत्रातून उतरलात. तुम्ही, हां. नायक न्हाई. गाव समोर हाय. तुमचं घर कुठं हाय ते मला सांगा.”

मुलं सांगायला लागली. वेशीजवळ, देवळामागे, गढीच्या बाजूला. मधल्या ओळीतला एक मुलगा म्हणाला, “गावाबाहेर.” वर्गात जरा चुळबुळ झाली. तोंड उघडं टाकून ऐकणारी ती मुलगी आता नववीत होती, पण तिला कुणीतरी या आठवीच्या वर्गात येऊन बसू दिलं होतं. तिनं हात वर केला.

“बाई, मी तर शाळेतच नसते. माझं लग्न झालेलं असतं.”

“हाव,” बाई म्हणाल्या. “मग तुम्हाला त्या गावात कसं वाटलं?”

“मी यंत्रातून उतरलेच नसते.”

मुलं हसली, तीही हसली. मग खिडकीजवळचा एक उंच मुलगा उभा राहिला. घरची बक्कळ शेती असलेला, पायात नवे बूट.

“बाई, ती विहीर आमची असंल.”

“बरं.”

“म्हणजे मी वर असंल. पाणी द्यायला.”

“हाव.”

“मी दिलं असतं का?”

बाई म्हणाल्या, “तुम्हीच सांगा.”

त्यानं पुढच्या बाकांकडे बघितलं. गावाबाहेर म्हणालेला मुलगा त्याच्या दोनच बाकं पुढे होता, मान वळवून त्याच्याकडे बघत होता. दोघं एकाच गल्लीत क्रिकेट खेळणारे असावेत, तशी ती नजर होती.

“म्हाईत न्हाई,” उंच मुलगा म्हणाला.

“हे लिहून द्या,” बाई म्हणाल्या. “जसं म्हणालात तसंच. सगळ्यांनी लिहा.”

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर मुलांच्या कागदांचा गठ्ठा होता. मी म्हणालो, “बाई, ती कथा मी...”

“म्हाईत हाय. फाईल तुमच्याकडंच असती.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “आता बोलू नका. मला वाईट वाटून राहिलंय ते वाटू द्या थोडं.”

अहमदपूरला उतरल्यावर त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि तो संस्थाचालकांना पाठवून दिला. सोबत कार्ड: ‘आपली कथा वर्गाला आवडली. मुलांना पुढचं विचारायचं हाय.’

दोन महिने काही नाही. मालक म्हणाले, बाईंनी सगळं घालवलं. मग एका रविवारी मी अहमदपूरला असताना जिन्यावर पावलं वाजली. संस्थाचालक एकटेच आले होते. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून स्टँडापासून चालत. घाम पुसत ते खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्या उंच मुलाचा.

“हा मी किती वेळा वाचला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “आमच्या मळ्यात विहीर होती, बाई. आजोबा काठावर बसलेले असायचे. मी लहान होतो. खाली कोण उभं असायचं ते मी बघितलेलं आहे. लिहिताना मला ते आठवलं नाही असं नाही. मी ते वगळलं.”

बाईंनी हात पुढे केला. संस्थाचालकांनी सोबत आणलेल्या पिशवीतून नवीन हस्तलिखित काढून दिलं. बाई बूट चढवून गच्चीवर गेल्या. आम्ही दोघं आत बसून उघड्या दारातून त्यांना येरझारा घालताना बघत राहिलो. इतक्या शाळा चालवणारा तो माणूस, पण निकालाच्या दिवशी आठवीचा पोरगा बसतो तसा खुर्चीच्या टोकावर बसला होता.

नव्या कथेत नायक विहिरीवर जातो तेव्हा काठावर बसलेला माणूस त्याला ओळखीचा वाटतो. चेहरा त्याच्या स्वतःच्या घराण्याचा. तो नाव विचारतो, घराणं विचारतो, खूश होऊन पाणी पाजतो. खाली एक बाई घागर घेऊन उभी असते. नायकाला सगळं ठाऊक आहे, पुढची तीनशे वर्षं ठाऊक आहेत. तरी तो तोंड उघडत नाही, पाणी पितो आणि यंत्रात येऊन बसतो. एवढीच.

बाई न थांबता शेवटपर्यंत चालल्या. आत आल्या, कागद टेबलावर ठेवले.

“दोन ‘अचानक’ हायेत, सर. एक काढते.”

“काढा,” ते म्हणाले.

पुढच्या संग्रहात ती कथा आली. संस्थाचालकांकडे त्यांच्याच संस्थेतून तक्रारी गेल्या, पालकांच्याही गेल्या. त्यांना उत्तरं त्यांनी स्वतः दिली आणि पुस्तक शाळांमधून काढलं नाही. माझ्या त्या करणीबद्दल मात्र बाई गाडीतल्या त्या बोलण्यानंतर वर्षभर अवाक्षर बोलल्या नव्हत्या. पहाटेचे फोन सुरू होते, राक्षस, स्वल्पविराम सगळं चालू होतं. मला वाटायला लागलं होतं की त्या विसरल्या.

तोच संग्रह छपाईला जायच्या आधी त्याच्या मुखपृष्ठाचा मजकूर त्यांनी कागदावर लिहून पाठवला. ‘संपादक’ या शब्दाखाली त्यांचं नाव होतं आणि त्याच्या खाली माझं. मी लगेच फोन केला.

“बाई, काहीतरी चुकलंय. तुमच्या खाली माझं नाव पडलंय.”

“चुकलेलं न्हाई.”

“मी तसं केल्यावरसुद्धा?”

“केलं म्हणूनच की.” पलीकडे बूट वाजत होते. त्या चालत बोलत होत्या. “मागल्या बारीला पुस्तकावर तुमचं नाव न्हवतं, बापू. जिम्मेदारी माझी, हात तुमचा. म्हणून तुम्हाला सोपं गेलं. आता खाली नाव हाय. आता कोणी सांगितलं ही कथा घाला, तर घाला. मी विचारणार न्हाई.”

फोन ठेवून मी मुखपृष्ठ जुळवायला घेतलं. त्यांचं नाव टाइप केलं. माझं करताना दोनदा चुकलो. आतल्या खोलीतून मालकांनी आवाज दिला, छपाईवाला खोळंबलाय, संग्रहाची फाईल गेली का?

“न्हाई,” मी म्हणालो. “अजून वाचून व्हायची हाय.”